गेटवरच्या रजिस्टरपासून १९३० हेल्पलाइनपर्यंत: सोसायटीतली आणि घरातली माहिती कशी सांभाळायची

ऐरोलीत आमच्या गच्चीवर उभं राहिलं की पूर्वेला, ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे, एमआयडीसीतल्या डेटा सेंटरच्या खिडक्या नसलेल्या इमारती दिसतात. राज्याची सायबर गुन्ह्यांविरुद्धची यंत्रणा, महाराष्ट्र सायबर, हिचं मुख्यालय महापेला, रिक्षाच्या अंतरावर. त्याच गच्चीवरून खाली वाकून पाहिलं की आमचं गेट दिसतं: प्लास्टिकचं टेबल, सुतळीने बांधलेलं पेन आणि चहाच्या कपाचे गोल डाग पडलेलं रजिस्टर. नाव, मोबाइल, कोणाकडे, गाडी नंबर. सही करायच्या निमित्ताने दोन पानं मागे उलटली की ३०२ मधल्या आजींकडे नर्स किती वाजता येते आणि किती वाजता जाते, हे कोणालाही कळतं.

तीन वर्षांपूर्वी सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. छप्पन्न फ्लॅटची सोसायटी. संगणकातलं मला चारचौघींइतकंच कळतं, पण एवढं ध्यानात आलं की बाहेरचा चोर आपली माहिती ढापतो त्याआधी ती आपणच दहा ठिकाणी सांडून ठेवलेली असते. म्हणून खालचा क्रम सांडलेलं गोळा करण्यापासून सुरू होतो, पासवर्ड-बिसवर्ड नंतर. तुमचे पैसे आत्ताच गेले असतील तर थेट ‘पैसे गेले तर’ या भागावर जा. बाकीचं उद्या वाचा.

आधी यादी

एक रविवार काढा आणि आडव्या कागदावर पाच रकाने आखा: कोणती माहिती, कुठे आहे, कोणाच्या हातात आहे, कशासाठी घेतली, कधीपर्यंत ठेवायची. आम्हाला वाटलं होतं चार-पाच ओळी होतील. सतरा झाल्या. पंपरूममध्ये सहा वर्षांची रजिस्टरं. कपाटात भाडेकरूंच्या फायली. माजी खजिनदारांच्या घरच्या लॅपटॉपवर सगळ्या सभासदांची एक्सेल शीट, जन्मतारखांसकट. कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर. गेटचं अॅप. हिशेब लिहिणारे, सिक्युरिटी एजन्सी, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला.

खरं काम चौथ्या रकान्याचं. ‘कशासाठी घेतली’ याला उत्तर सुचेना की ती माहिती काढून टाकायच्या यादीत. जन्मतारखा कशाला? तर वाढदिवसाला ग्रुपवर केकचं चित्र टाकायला. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. त्या शीटने केवढा घोळ घातला असता ते आधारच्या भागात सांगते.

गेट

जाडजूड रजिस्टर बंद करा. रोज एक सुटं पान द्या, रात्री ते कपाटात, महिन्याभराने नष्ट. कुरियर आणि डिलिव्हरीवाल्यांसाठी कंपनी, फ्लॅट आणि वेळ पुरे. मोबाइलचा रकाना मी भीत भीतच काढला. कमिटीत वाद होणार हे दिसत होतं. पण आमचे साताऱ्याकडचे वॉचमनकाकाच म्हणाले, “म्याडम, खरा नंबर लिवतंय कोण? मागल्या महिन्यात एकानं माझाच लिवला.” विषय संपला.

गेटचं अॅप वापरत असाल तर तीन गोष्टी तपासा. पाहुण्यांचा फोटो सक्तीचा ठेवलाय का, नोंदी किती दिवस राहतात, आणि अॅडमिन कोण कोण आहे. आमच्याकडे घर विकून पुण्याला गेलेले दोन माजी कमिटी सदस्य अजून अॅडमिन होते. त्यांना तिथे बसल्या बसल्या आमच्याकडे कोण आलं-गेलं ते दिसत होतं. त्यांनी ते कधी उघडूनही पाहिलं नसेल, पण त्यांचा फोन उद्या चोरीला गेला असता तर?

आधार, झेरॉक्स आणि भाडेकरू

स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी होते. गिऱ्हाइकांच्या बाजूला वळवलेला मोठा स्क्रीन, त्यावर व्हॉट्सअॅप वेब उघडं. सकाळपासून आलेल्या फायलींची रांग लागलेली: आधारची पुढची बाजू, दहावीचं मार्कशीट, कोणाचं तरी डिस्चार्ज कार्ड, एका बाळाचा जन्मदाखला. माझ्या पुढच्या मुलाची फाईल शोधताना दुकानदाराने डाउनलोडचा फोल्डर उघडला आणि माऊसचं चाक फिरवत राहिला, फिरवत राहिला. दोन वर्षांपूर्वीच्या तारखा येऊ लागल्या. माणूस भला, “रोज रात्री डिलीट करतो ना,” असं म्हणालाही. चॅटमधून करत असेल. डाउनलोड झालेली फाईल तशीच राहते, आणि आपण आपल्या फोनवरून ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं तरी ती जात नाही.

म्हणून दुकानात फाईल पाठवलीत तर प्रिंट हातात आल्यावर तिथेच उभं राहून दोन्ही ठिकाणची काढायला सांगा, रिसायकल बिनसकट. पहिल्यांदा लाज वाटते, तिसऱ्यांदा वाटत नाही. आणि जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या. आधारच्या संकेतस्थळावर डाउनलोड करताना तसा पर्याय असतो. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. कागदाची प्रत द्यायची असेल तर मजकुरावरून आडवं लिहा: कशासाठी, कोणाला, तारीख.

आता त्या वाढदिवसाच्या शीटबद्दल. डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. म्हणजे एकाच्या लॅपटॉपवर पीडीएफ, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर नाव आणि जन्मतारीख. दोन्ही एकाच्या हाती लागलं की कुलूप उघडलं. ती शीट आम्ही त्याच आठवड्यात पुसली. केकचं चित्र आता ज्याला आठवेल तो टाकतो.

आणखी एक काम दहा मिनिटांचं: आधारचं बायोमेट्रिक लॉक. खरेदीखतावर, करारावर आपण अंगठे दिलेले असतात, आणि कागदावरच्या ठशांवरून सिलिकॉनचा अंगठा बनवून आधारवर चालणाऱ्या बँकिंगमधून पैसे काढल्याची प्रकरणं देशात घडली आहेत. तिथे ओटीपी लागत नाही, अंगठाच लागतो. आधारच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत अॅपमध्ये लॉक लावता येतं. रेशन दुकानात अंगठा द्यायचा असेल किंवा नवं सिम घ्यायचं असेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं. घरातल्या आजी-आजोबांचं आधी करा.

भाडेकरूंच्या फायलीत आम्हाला पॅन कार्ड, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, एकाची तर लग्नपत्रिका सापडली (विवाहित असल्याचा पुरावा म्हणून मागितली होती, म्हणे). सोसायटीला लागतं किती? नाव, संपर्क, नोंदणी झालेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती दिल्याची पोच. बाकी सगळं परत केलं. एजंटाकडे गेलेलं मात्र परत येत नाही. भाडेकरूचे कागद एजंटांच्या ग्रुपवर फिरतात, म्हणून घर पाहण्याच्या टप्प्यावर काही देऊ नका. सौदा ठरल्यावर, मास्क करून, घरमालकाला थेट.

कॅमेरे

डीव्हीआर बसवणारा पासवर्ड बदलत नाही, कारण उद्या फोन आला की त्याला घरून बघता यायला हवं. आमचा पासवर्ड अॅडमिन आणि त्यापुढे १२३४५ असा होता. २०२५ साली राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं चित्रीकरण बाहेर विकलं गेल्याचं उघडकीला आलं, तेव्हाही चर्चा कंपनीच्या मूळ पासवर्डचीच झाली. पासवर्ड बदला, पुरवठादाराचा प्रवेश बंद करा आणि दुरुस्तीपुरता उघडा. चित्रीकरण किती दिवस ठेवायचं ते ठरावात लिहा. कोणाला दाखवायचं तेही लिहा, नाहीतर “जरा काल संध्याकाळचं दाखवा, आमची मुलगी कोणाबरोबर आली,” अशी मागणी येतेच. आमच्याकडे आली.

पुरवठादाराच्या दारातून घाण आत येते याचं मोठं उदाहरण आपल्या उंबऱ्यावरच घडलंय. जून २०१७ मध्ये न्हावा शेव्याला जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं कामकाज नॉटपेट्या नावाच्या हल्ल्याने ठप्प झालं. त्या व्हायरसची सुरुवात युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. कुठे युक्रेनचा हिशेबनीस, कुठे उरणचा कंटेनर. आपल्या सोसायटीचे हिशेब लिहिणारे कोणतं सॉफ्टवेअर वापरतात आणि ते कधी अपडेट करतात, हे एकदा विचारा. आमच्यांनी “ते चोरीचंच आहे हो,” असं हसत सांगितलं. दुसरे शोधले.

घरातले फोन

इथे फार रेंगाळत नाही. व्हॉट्सअॅपला टू-स्टेप पिन लावा. यूपीआय रोजच्या खर्चापुरते पैसे ठेवलेल्या वेगळ्या खात्याला जोडा. पगाराचं आणि एफडीचं खातं त्यापासून लांब. कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद ठेवा. सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार करा. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. अशा चार कंपन्या आहेत, म्हणजे दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला की वर्षभर पाळत राहते. आपल्या नावावर कोणी कर्ज उचललंय का, ते तिथेच कळतं.

‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक कोणत्याही कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात कोणी कितीही दरडावलं तरी फोन ठेवा आणि शेजारच्या घरी जा. ही टोळी माणसाला खोलीत एकटं बसवते, दार लावून घ्यायला सांगते. दार उघडलं की तिचा अर्धा जोर गेला.

आणि एपीके. लग्नाचं आमंत्रण, ई-चलान, ‘बिल भरलं नाही, रात्री साडेनऊला लाइट कापणार’. नाव काहीही असो, फाईलच्या शेवटी एपीके असेल तर ते अॅप आहे, कागद नव्हे. बसवताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचा ओटीपी तुमच्याआधी त्यांना दिसतो. तुम्ही कोणालाही ओटीपी सांगितलेला नसतो, तरी पैसे जातात.

पैसे गेले तर

गेल्या दिवाळीच्या आधी, संध्याकाळी पावणेआठ. तिसऱ्या मजल्यावरचे काका फोन घेऊन माझ्या दारात. “सुनबाई, बघा ना, हे आपोआप काय चाललंय.” त्यांना ई-चलानची एपीके आली होती. त्यांची स्कूटर दोन वर्षं कव्हरखाली उभी आहे, पण चलान म्हटल्यावर माणूस घाबरतो. फोन तव्यासारखा तापलेला. दोन व्यवहार, मिळून अठ्ठेचाळीस हजार.

त्या वेळी जे केलं ते क्रमाने सांगते, चुकांसकट.

फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि वायफाय बंद झालंय ना ते पाहिलं. हे बरोबर केलं, कारण अॅपला बाहेर काही पाठवता येईना. फोन फॉर्मॅट करू नका. आधी मेसेज, अॅपचं नाव, कोणत्या नंबरवरून आलं, या सगळ्याचे दुसऱ्या फोनने फोटो काढा.

मग माझ्या फोनवरून बँकेला. नंबर कार्डाच्या मागचा घ्यायचा. काकूंनी गूगलवर शोधायला घेतला होता, त्यांना थांबवलं. तिथे कस्टमर केअरच्या नावाने भामट्यांचेच नंबर पेरलेले असतात. कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग तिन्ही बंद करायला सांगितलं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला.

त्याच वेळी काकांच्या मुलीने १९३० लावला, ऑनलाइन फसवणूक कळवायचा देशभराचा हेल्पलाइन नंबर. तीनदा एंगेज. महाराष्ट्र सायबरचा १९४५ हाही नंबर आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चौथ्यांदा लागला आणि आमची तयारी उघडी पडली: पलीकडून व्यवहाराचा क्रमांक मागितला. यूपीआयचा तो बारा आकडी असतो. तो मिळणार बँकेच्या अॅपमध्ये किंवा एसएमएसमध्ये, आणि दोन्ही त्या बंद केलेल्या फोनमध्ये! शेवटी फोन तसाच एअरप्लेनवर ठेवून जुने एसएमएस उघडले आणि एक क्रमांक मिळाला. दुसरा एसएमएस अॅपने पुसला होता, तो बँकेला पुन्हा फोन करून घेतला. वीस मिनिटं गेली. म्हणून सांगते, बँकेच्या व्यवहारांचे ईमेल घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी दिसतील अशी सोय आजच करून ठेवा.

१९३० वर नाव, बँक, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक देता, मग पोचक्रमांकाचा एसएमएस येतो. एवढ्यावर थांबू नका. चोवीस तासांच्या आत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तीच तक्रार पुराव्यासह पूर्ण करा. इतकी घाई कशाला? पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या, भामट्यांनी दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेल्या खात्यात पळत असतो. १९३० ची यंत्रणा त्यामागे धावत तो जिथे सापडेल तिथे होल्ड लावते. एटीएममधून रोख निघाली की धावणं संपलं. काकांचे एकतीस हजार तिसऱ्या खात्यात अडकले आणि काही महिन्यांनी कोर्टाच्या आदेशाने परत आले. सतरा हजार गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आखून दिलेलं तत्त्व असं: चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर मर्यादित. ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर. बँक अर्थातच म्हणते की अॅप तुम्ही बसवलंत, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा. काकांच्या बँकेनेही तेच लिहिलं. उत्तरात मुद्दा ठेवायचा की ओटीपी किंवा पिन आम्ही कोणालाही दिलेला नाही, आणि नेहमीच्या सवयीबाहेरचे दोन व्यवहार लागोपाठ होताना तुमच्या यंत्रणेने काय केलं ते दाखवा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे ऑनलाइन तक्रार; पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

या काळात ‘तुमचे पैसे सोडवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन येईल. तोही त्यातलाच.

कायदा कुठे उपयोगी पडतो

रजिस्टरातला रकाना मी खोडू शकते. पण गेटच्या अॅपची कंपनी, डायग्नोस्टिक लॅब, मुलांच्या क्लासचं पोर्टल, यांच्या सर्व्हरवरचा रकाना माझ्या खोडरबरच्या टप्प्यात नाही. तिथे कायदाच हवा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा यायला ऑगस्ट २०२३ उजाडला, आणि नियम यायला नोव्हेंबर २०२५. त्यातलेही संमती, माहिती पुसणं, गळती कळवणं हे कामाचे भाग अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार असं अधिसूचनेत आहे.

त्यात काय मिळेल? माहिती कशासाठी घेतो ते साध्या भाषेत सांगावं लागेल, आणि ती सूचना मराठीत मागायचा तुम्हाला हक्क असेल. दिलेली संमती मागे घेता येईल, आणि ती घेणं देण्याइतकंच सोपं ठेवावं लागेल. माहिती गळली तर तुम्हाला विनाविलंब कळवावं लागेल. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत. सोसायटीही यातून सुटत नाही. सभासदांची माहिती संगणकावर ठेवली की ती जबाबदार. कागदी रजिस्टर कायद्याबाहेर आहे, पण त्याच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की ती डिजिटल माहिती झाली, हे आमच्या काही उत्साही सभासदांना सांगून माझा घसा बसलाय.

माझी तक्रार दोन गोष्टींवर आहे. हा दंड सरकारच्या तिजोरीत जातो, ज्याची माहिती गळली त्याला छदाम नाही. आजवर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ अ कलमाखाली हलगर्जी कंपनीकडून भरपाई मागता येत होती. नवा कायदा पूर्ण लागू होताना ते कलमच जाणार आहे. आणि नागरिकांचे हक्क अठरा महिने थांबले, पण याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल, ज्याने ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं सोपं झालं, तो मात्र लगेच अमलात आला. पोलिसांचं अॅप असो की पालिकेचं, सरकारलाही हेच नियम तितक्याच कडकपणे लागू व्हायला हवेत. सरकारला दिलेल्या सवलती मला जास्त वाटतात.

तरी २०२७ ची वाट बघत बसू नका. आम्ही गेटच्या अॅपवाल्यांना आत्ताच ईमेल टाकला. मजकूर असाच वापरा:

“आमच्या सोसायटीतील पाहुण्यांच्या तीस दिवसांपूर्वीच्या सर्व नोंदी व छायाचित्रे कायमची काढून टाकावीत. ही माहिती आपण इतर कोणास दिली असल्यास त्यांची नावे कळवावीत. जाहिरातीसाठी सभासदांचे मोबाइल क्रमांक वापरण्यास आमची संमती नाही. कार्यवाही झाल्याचे लेखी कळवावे.”

दोन स्मरणपत्रांनंतर उत्तर आलं: नोंदी पुसल्या. बाकीच्या दोन प्रश्नांवर मौन. तिसरं स्मरणपत्र गेलंय.

राहिले कागद. रद्दीवाल्याला द्यायचे नाहीत हे ठरलं होतं. भेळेच्या पुडीवर मी स्वतः एकाची सॅलरी स्लिप वाचली आहे. श्रेडर घ्यायला कमिटी तयार नव्हती. मग गच्चीवर दोन टबांत पाणी भरून फायली रात्रभर भिजवल्या आणि सकाळी लगदा केला. तीन रविवार, पाच बायका आणि वॉचमनकाका. वॉचमनकाकांनी आपला नंबर लिहिलेलं ते पान शोधून आधी बाजूला काढलं आणि स्वतःच्या हाताने बुडवलं. खजिनदारांकडची २०१४ ची एक फाईल अजून आलेली नाही. “लागेल कधीतरी,” म्हणतात.